काका रोज दोन पेग घेतात, काकूंनी दुकानाविरुद्ध सही केली. चूक कोणाची?

तेंदूपान
आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात. काका निवृत्त शिक्षक. तीस वर्षं रात्री जेवणाआधी दोन पेग घेतात, जेवतात, झोपतात. कधी आवाज चढला नाही, उधारी नाही, शिवी नाही. सध्या गावातलं दारूचं दुकान बंद करायला बायकांच्या सह्या चालू आहेत. पंचवीस टक्के महिला मतदारांनी निवेदन दिलं की मतदान लागतं, उभी बाटली (दुकान राहू दे) की आडवी बाटली (बंद करा). काकू पहिल्या दहा जणींत सही करून आल्या.

काका एवढंच म्हणाले, "माझं काय चुकलं?" आठवडा झाला, घरात कामापुरतंच बोलणं आहे.

माझ्या मते काकांचं काही चुकत नाही. स्वतःच्या पेन्शनीतून, स्वतःच्या घरात, कुणाला धक्का न लावता माणूस जे करतो ते नैतिक-अनैतिकच्या तराजूत घालायचंच कशाला? बायकोला मारणारा आणि काका यांना एकाच ओळीत उभं करणं मला अन्यायाचं वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

उंबरठा
तुमच्या काकांसारखेच माझे वडील. हात कधी उचलला नाही. पण संध्याकाळी सात वाजले की ते घरात असून नसायचे. दहावीच्या वर्षी गणित अडलं तर सातच्या आत विचारायचं, हे आम्हा बहिणींना कुणी शिकवलं नव्हतं, आपोआप कळलं होतं. पाहुणे यायचे असले की आईच्या पोटात गोळा. लग्नकार्यात तिचं लक्ष पंगतीकडे कमी आणि वडील कुठे बसलेत याकडे जास्त. याला त्रास म्हणायचं की नाही?

"कुणाला धक्का नाही" हे तुम्ही लिहिलंत, काकांनी मानलं. काकूंना विचारलंत का? तीस वर्षांत एकदा तरी? ज्याच्या वागण्याबद्दल प्रश्न आहे त्यानेच निकाल द्यायचा, हे मला पटत नाही.

वकिली_बाणा
उंबरठा, तुमचं दुःख खरं आहे, पण त्यातून नियम काढताना जपून. दिवसभर फोनमध्ये डोकं घालून बसणारा बापही घरात असून नसतो. मग तेही पाप ठरवायचं का?

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये मांडलेला मुद्दा मला अजून पटतो: नुसतं दारू प्यायल्याबद्दल कुणाला शिक्षा नको, पण कामावर असताना प्यायलेल्या पोलिसाला हवी. म्हणजे चूक पिण्यात नाही, जबाबदारी मोडण्यात आहे. नशेत मारहाण केलेल्या माणसावर पुढे वेगळे निर्बंध घालायलाही त्याची हरकत नव्हती.

कायद्याला मोजपट्टी करू नका. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे पिणाऱ्याला परवाना लागतो. तो जवळ बाळगणारे किती पाहिलेत? परवाना नसलेला प्रत्येक जण दुराचारी म्हणायचा का? आणि चंद्रपूरकरांना मी काय सांगू! १ एप्रिल २०१५ ला जिल्हा कोरडा झाला, २०२१ मध्ये बंदी उठली. मधल्या काळात दारू मिळत होती, फक्त चोरून आणि महाग.

उंबरठा
मिळत होती, मान्य. पण ती बंदी मुंबईत बसून कुणाला सुचलेली नव्हती. २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनापर्यंत बायका पायी गेल्या होत्या. मोलमजुरी बुडवून चालणाऱ्या बाईला तुम्ही दुसऱ्याच्या खाजगी आयुष्यात नाक खुपसणारी म्हणणार का? फोनचं म्हणाल, तर तोही बाप चुकतोच. मी पाप शब्द वापरलाच नव्हता. चूक म्हणतेय.

मोहफूल
मी गडचिरोलीचा, गोंड. आमच्याकडे मोहाच्या दारूचे पहिले थेंब जमिनीवर, देवाला. जन्म, लग्न, मरण, मोहाशिवाय विधी होत नाही. त्यामुळे "दारू पिणं वाईट" हे सरसकट वाक्य कानावर आलं की आमच्या आजी-आजोबांना कुणी वाईट म्हणतंय असं वाटतं, आणि राग येतो.

तरी हेही सांगतो. आमच्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ती मागणाऱ्यांत आदिवासी बायाही होत्या. माझी आई देवाला मोह चढवायची आणि गावात दारू विकणाऱ्याला ग्रामसभेत उभं करून जाबही विचारायची. तिला दोन्हींत विसंगती वाटली नाही. सर्वांसमोर, सणाला, मिळून घेतलेलं वेगळं. रोज एकट्याने विकत घेऊन ढोसणं वेगळं. ही रेघ तिची तिने ओढलेली होती.

माळकरी
मी थोडक्यात लिहितो. सगळे "दुसऱ्याला त्रास" एवढंच मोजत आहेत. माळ घातली तेव्हा मी दारू सोडली, कुणाला त्रास होत होता म्हणून नाही. संध्याकाळ झाली की मन माझं राहत नव्हतं, ते बाटलीकडे जायचं. माझ्यापुरतं तेच वाईट होतं. काकांना एकच विचारा: महिनाभर सोडून दाखवाल? सहज जमलं तर माझं काही म्हणणं नाही.

पेठेतली
कुणीच न बोललेला मुद्दा. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकायचा निर्णय झाला, तेव्हा आमच्या सोसायटीत त्याचं कौतुक होतं, शेतकऱ्याच्या द्राक्षाला भाव वगैरे. त्याच सोसायटीत रखवालदाराच्या तोंडाला वास आला म्हणून त्याला एका दिवसात काढलं. तो कामावर होता, मिलच्या हिशोबाने चूक त्याचीच. पण बाल्कनीत ग्लास धरून त्याच्या चारित्र्यावर बोलणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यांच्या तोंडून नीती ऐकवत नाही.

वकिली_बाणा
पेठेतली, हे शंभर टक्के मान्य.
माळकरी, तुमचा प्रश्न चांगला आहे, पण तो माणसाने स्वतःला विचारायचा. गावाने मतदान घेऊन नव्हे.

तेंदूपान
उंबरठा यांनी विचारलं म्हणून काल काकूंशी बोललो. लाज वाटली की याआधी कधी विचारलं नव्हतं.

त्या म्हणाल्या, "तुझ्या काकांसाठी नाही केली रे सही. दुकान शाळेच्या रस्त्यावर आहे. शिकवणीहून येताना पोरी घोळका करून पळत येतात, मी रोज ओट्यावरून बघते." मग भांडी आवरता आवरता म्हणाल्या, "आणि तीस वर्षांत रात्री आठनंतर माहेरचं कुणी आलं नाही आपल्याकडे. मीच येऊ देत नव्हते."

हे काकांनीही ऐकलं. काही बोलले नाहीत.

घरात बसून दोन पेग घेणाऱ्याला अपराधी ठरवू नये, हे मी अजूनही म्हणतो. पण धक्का कुणालाच नाही, हे पहिल्या पोस्टमधलं वाक्य मागे घेतो. मतदान लागलंच तर एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात, नुसत्या झालेल्या मतांपैकी नाही. घरी बसलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या बाजूला मोजली जाते. काकूंचे गुडघे दुखतात. त्या दिवशी त्यांना केंद्रावर गाडीवरून कोण नेणार, असं मी विचारलं, तर काका म्हणाले, "मी नेईन."