मदत हवी आहे: स्कूटीच्या डिकीत रिटेनर वाकडा झाला, लेकीची तार गालात टोचतेय, डॉक्टर सुट्टीवर

अरुणावतीकाठ

नमस्कार मंडळी. शिरपूरहून लिहितेय. एकाच आठवड्यात घरातल्या दोन्ही लेकरांच्या दातांचं काहीतरी होऊन बसलंय आणि डोकं चालेनासं झालंय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी मुलाचं. वय १९. पावणेदोन वर्षं तारा होत्या, दिवाळीनंतर काढल्या. खाली दातांच्या मागून बारीक तार चिकटवून दिलीय आणि वर पारदर्शक रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात पुन्हा हलू नयेत म्हणून दातांवर बसवायचं प्लास्टिकचं कवच. जेवताना आणि ब्रश करताना काढायचा, एरवी दिवसरात्र तोंडात, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पोरानं तसा नीट वापरलाही. पण आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मामाकडे गेला, आमरसाचं ताट समोर आलं, रिटेनरची डबी घरीच राहिलेली. मग काय, रुमालात गुंडाळला आणि स्कूटीच्या डिकीत टाकला. गाडी अंगणात, ऊन ४४ डिग्री. जेवण, झोका, गप्पा यात तीन तास गेले. बाहेर काढला तर उजव्या दाढेकडची कड आत वळलेली, उन्हानं केळीचं पान कडेला मुडपतं ना, अगदी तशी.

दाबून बसवला तर पुढचे दात बसतात, दाढेवर मात्र नखभर वर राहतो. रात्री तसाच घालून झोपला. सकाळी उठल्यापासून सुळा दुखतोय म्हणतो. यांचं म्हणणं, "प्लास्टिकच आहे ना, गरम पाण्यात बुडवून सरळ करू. शेतातला पाइप आम्ही असाच वळवतो." मी अजून तरी हात लावू दिलेला नाही.

आता लेक, वय १३. तारा लावून पाच महिने झालेत. सासूबाईंनी ज्वारीचे बिबडे (पापड) घातले होते, हिला गच्चीवर राखणीला बसवलं. तुम्हाला माहीतच आहे, अर्धवट वाळलेला चिवट बिबडा पोरांना वाळलेल्यापेक्षा जास्त आवडतो. किती खाल्ले देव जाणे. संध्याकाळी खालच्या शेवटच्या दाढेवरचं ब्रॅकेट, म्हणजे तार धरून ठेवणारा दातावर चिकटवलेला तुकडा, सुटलेलं, तारेच्या टोकावर गोल फिरत होतं. काल ते निघूनच आलं आणि आता तारेचं टोक गालात रुततंय. आत पांढरा फोड आलाय. टोचणाऱ्या तारेवर लावायला डॉक्टरांनी दिलेलं मेण उन्हानं लोण्यासारखं झालंय, बोटाला चिकटतं, दाताला नाही. सासूबाई तर पहिल्या दिवसापासून म्हणताहेत, "दातस्ले तार कसाले?" त्यांना आता आयतंच मिळालंय.

आमचे डॉक्टर धुळ्याला. फोन केला तर बाहेरगावी गेलेत, "२२ तारखेला या" म्हणून सांगितलं. म्हणजे अजून दहा दिवस. तोवर काय करू? रिटेनर गरम पाण्यात घालू की नको? तार नेलकटरनं कापली तर चालते का?

भुसावळ_लोको

ताई, गरम पाणी अजिबात नको! मी स्वतः हा उद्योग केलेला माणूस आहे. हॉस्टेलला होतो, वास येत होता म्हणून निर्जंतुक करावा या विचारानं उकळतं पाणी ओतलं. डोळ्यादेखत आखडला. पुन्हा माप, पुन्हा पैसे, वर वडिलांच्या शिव्या. आणि भाऊंना सांगा, पाइप दोन बोटं इकडेतिकडे झाला तरी पाणी जातं. दातांना केसभर फरकही कळतो.

वाकडे_दात

मी नाशिकला ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात सरळ करणारा डॉक्टर आहे. न तपासता उपचार सांगता येत नाहीत, पण दहा दिवस कसे काढायचे ते सांगतो.

रिटेनर: आकार बिघडलेला रिटेनर घालू नका. "काहीच नसण्यापेक्षा बरा" असं वाटतं, पण तो दातांना धरून ठेवत नाही, चुकीच्या बाजूला ढकलतो. सुळा म्हणूनच दुखतोय. हा रिटेनर प्लास्टिकचा पातळ पत्रा तापवून, मुलाच्या दातांच्या साच्यावर ओढून बनवलेला असतो. पुन्हा तापवला की तो साच्याशिवाय आकसतो. तो आकार घरी परत आणता येत नाही, मलाही येणार नाही. नवीनच लागेल.

पण २२ तारखेपर्यंत थांबू नका. तारा काढून वर्षही झालेलं नाही. दाताच्या भोवतीचं हाड आणि हिरडीचे धागे अजून स्थिरावलेले नसतात, दात जुन्या जागेकडे ओढ घेतात. दोन गोष्टी करा. धुळ्याच्या दवाखान्यात फोन करून विचारा, की मुलाच्या दातांचं प्लास्टर मॉडेल किंवा स्कॅन ठेवलंय का. असेल तर डॉक्टर नसतानाही लॅबकडून त्यावर रिटेनर बनवून घेता येतो. नसेल तर शिरपूरमधल्याच एखाद्या दंतवैद्याकडे माप द्या. दात नुकतेच, अगदी थोडे हलले असतील तर नवा रिटेनर पहिले काही दिवस घट्ट वाटतो, मग सैल पडतो. बसतच नसेल तर मात्र जोर लावायचा नाही.

खालची चिकटवलेली तार शाबूत आहे ना, ते आरशात बघा. ती एका दातावरून सुटली तरी कळत नाही, आणि तेवढाच एक दात सरकतो.

लेकीची तार: आधी मेण फ्रिजमध्ये ठेवा. कडक झालं की मटारच्या दाण्याएवढा गोळा वळा. मेण दाताला का चिकटत नाही, तर तिथं लाळ असते. स्वच्छ कापसानं तारेचं टोक आणि दाढ कोरडी करा, मग गोळा दाबून बसवा. जेवायच्या आधी काढा, जेवून ब्रश केला की नवा लावा. चुकून गिळला तरी घाबरायचं कारण नाही. फोडासाठी ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून चारपाच वेळा चूळ. निघालेलं ब्रॅकेट डबीत जपून ठेवा आणि नेताना सोबत न्या.

नेलकटर शेवटचा उपाय, आणि तोही तार पातळ, लवचीक असेल तरच. कापताना तुकडा उडतो. घशात गेला तर पंचाईत. त्यापेक्षा गावातला दंतवैद्य दोन मिनिटांत कापून देईल. त्यांच्याकडे कापलेला तुकडा धरून ठेवणारी पक्कड असते.

गाल बाहेरून सुजला, ताप आला किंवा तोंड उघडेना, तर २२ तारीख, मेण, सगळं विसरून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

अरुणावतीकाठ

खूप आभार डॉक्टर. मेण फ्रिजमध्ये ठेवलं, अर्ध्या तासात खरंच कडक झालं! कापसानं कोरडं करून लावलं, पोरगी पहिल्यांदा नीट जेवली. आम्ही इतके दिवस ओल्या दातावरच थापत होतो.

एक शंका. भाचा म्हणतो, ब्रॅकेट फेविक्विकनं चिकटवून टाका. आणि इथले दंतवैद्य साधे बीडीएस आहेत, तारांचं काम त्यांनी केलं तर आमचे डॉक्टर चिडतील का?

वाकडे_दात

फेविक्विक तोंडात नाही म्हणजे नाही. जीभ-गाल भाजतो, दाताचं आवरण खराब होतं आणि ब्रॅकेट चुकीच्या कोनात बसलं तर दात त्या कोनात जातो. बीडीएस डॉक्टरांना टोचणारी तार कापता येते आणि मापही घेता येतं. ब्रॅकेट पुन्हा बसवायचं काम तुमच्या डॉक्टरांसाठी ठेवा. चिडायचं म्हणाल, तर पालकांनी तोंडात जखम घेऊन दहा दिवस वाट बघितली तर मी जास्त चिडतो.

रावेरची_केळीवाली

ताई, माझ्या दोन्ही मुलींच्या तारा होऊन गेल्या. दवाखान्यात खाण्याची जी यादी देतात ना, त्यात पिझ्झा, पॉपकॉर्न असलं लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या घरात काय शिजतं ते त्यांना कुठं ठाऊक! तर माझ्या अनुभवानं सांगते.

वांग्याचं भरीत डोळे झाकून द्या, फक्त कच्चा कांदा आणि मिरचीचे देठ सोडून. वरण-बट्टीतली बट्टी चुरून वरणात मुरली पाहिजे. तळलेल्या बट्टीची कडक कड दातानं तोडायची नाही, पहिल्याच महिन्यात आमचं एक ब्रॅकेट तिथंच गेलं. कळण्याची भाकरी कढीत कुस्करून. डुबुकवडे उत्तम. शेवभाजीतली शेव रश्श्यात दहा मिनिटं भिजू द्यायची, वरून कुरकुरीत टाकायची नाही. केळी तर आपल्याच घरची, पण केळ्याचे वेफर्स बंद. भुईमुगाच्या शेंगा, फुटाणे, ऊस, चिक्की, कैरीची फोड, मक्याचं कणीस दातानं सोलणं, हे सगळं तारा निघेपर्यंत नाही. दाणे काढून शिजवून दिले तर कणीस चालतं. पेरू, सफरचंद बारीक कापून दाढेनं खायचं, पुढच्या दातानं चावा घ्यायचा नाही.

आणि बिबड्याचं, माफ करा, हसू आलं. आमच्याकडे कुरडयांचा गरम चीक वाटीतून देतात, तो मऊ असतो, तो द्या म्हणजे राखणीची मजुरीही मिळेल.

हळदीचं मात्र काही करता येत नाही. धाकटीनं हौसेनं ब्रॅकेटवरची पारदर्शक रबरं लावून घेतली, तिसऱ्या दिवशी वरणानं पिवळीधमक! पुढच्या वेळेस करडी सांगितली.

पंगतीतला_भाऊ

ताई, मन्हा पोऱ्याबी असाच शे. डबी कायम घरी आणि रिटेनर कुठंतरी. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवला, वाढप्यानं उष्ट्या पत्रावळीबरोबर उचलून नेला. मी आणि मेहुणा, दोघं सफारीत, रात्री साडेदहाला पत्रावळ्यांचा ढीग उपसतोय. सापडला नाही. तेव्हापासून नियम, रिटेनर एकतर तोंडात नाहीतर डबीत. तिसरी जागाच नाही. एक डबी त्याच्या दप्तरात, एक घरी. आणि डबी उन्हात, गाडीत, गॅसच्या ओट्यावर ठेवायची नाही.

दुसरं, आमच्याकडे बोअरचं पाणी. रिटेनरवर पांढरे क्षार धरतात, बादलीला धरतात तसेच. आधी टूथपेस्टनं घासायचो, त्यानं ओरखडे पडून आणखी धूसर झाला. आता रोज गार पाणी, भांड्याच्या सौम्य साबणाचा एक थेंब आणि वेगळा मऊ ब्रश. आठवड्यातून एकदा पांढरं व्हिनेगर आणि पाणी समान घेऊन वीस मिनिटं बुडवतो, मग भरपूर धुतो. वास दोन वेळा धुतल्यावर जातो.

सहा_महिने_बास

सहा महिने झालेत ना? मग रिटेनर कशाला हवाय आता? माझ्या भावानं सहा महिन्यांत सोडला. काही झालं नाही. हे डॉक्टर लोक उगाच लांबवतात.

जळगावची_मधुरा

दादा, "काही झालं नाही" हे किती वर्षांनी बघितलं? मी १८ व्या वर्षी तारा काढल्या, विसाव्या वर्षी रिटेनर फेकला. आता ३४ ची आहे. खालचे पुढचे चार दात पुन्हा एकमेकांवर चढलेत. घाईनं नाही हो, वर्षाकाठी जराजरा. फोटो शेजारी ठेवले तेव्हा कळलं. दुसऱ्यांदा तारा लावल्या, ऑफिसात सगळे विचारायचे. आता मागून तार चिकटवलीय, तिच्याखाली धाग्याला सुई जोडल्यासारखा फ्लॉस घालून रोज साफ करते, नाहीतर तिथं दगडासारखं कीटण साचतं.

वाकडे_दात

मधुराताईंचं बरोबर. सुरुवातीचे काही महिने पूर्ण वेळ, नंतर डॉक्टर सांगतील तेव्हापासून फक्त रात्री. आणि रात्रीचा किती वर्षं, तर दात सरळ हवेत तितकी वर्षं. वयाबरोबर दात थोडे सरकतातच, तारा लावलेल्या नसतील तरीसुद्धा.

जाता जाता लेकीसाठी एक. खाण्याच्या गडबडीत ब्रश मागे पडतो. ब्रॅकेटच्या कडेला अन्न साचून राहिलं की तारा निघाल्यावर दातावर चुन्याच्या ठिपक्यांसारखे पांढरे डाग दिसतात, आणि ते सहज जात नाहीत. फ्लोराइडची पेस्ट, रात्रीचा ब्रश चुकवायचा नाही, आणि तारेखालून घालायला बाटली धुवायच्या ब्रशची छोटी आवृत्ती मिळते, ती घ्या. आजी मिश्री सुचवतील. ती नको.

अरुणावतीकाठ

मंडळी, खबर द्यायला आले.

परवा इथल्याच दंतवैद्यांकडे गेलो. तार कापायला खरंच दोन मिनिटंही लागली नाहीत, आणि त्यांनी कापलेला तुकडा पोरीच्या हातावर ठेवला. तांदळाच्या दाण्याहून लहान! एवढ्याशा तुकड्यानं आम्हाला चार दिवस रडवलं. फोड बसतोय. ब्रॅकेट डबीत आहे, ते २२ ला.

मुलाचं प्लास्टर मॉडेल धुळ्याला ठेवलेलं होतं. नुसतं विचारलं म्हणून कळलं, आपणहून कुणी बोललं नव्हतं. लॅबकडून नवा रिटेनर करून घेतला, काल आणला. पहिली रात्र घट्ट वाटला, पण दाढेपर्यंत बसतोय. मागची तार मी मोबाइलच्या टॉर्चनं बघितली, चारही पुढच्या दातांना आणि दोन्ही सुळ्यांना चिकटलेली आहे. स्कूटीच्या किल्लीलाच आता डबी बांधून दिलीय. लाजतो, पण नेतो.

जुना वाकडा रिटेनर मात्र यांनी माझ्यामागं गरम पाण्यात बुडवलाच, "तसाही टाकायचाच होता" म्हणे. कुरडईसारखा आखडलाय. सध्या फ्रिजवर ठेवलाय, आणि पाइपाचा विषय घरात कुणी काढत नाहीये.