सायकलला कुलूपवाली पेटी लावली म्हणून तिची स्कूटर होत नाही

सिडको_ते_सातपूर
परवा एका भाऊंनी लिहिलं होतं, "कामाला सायकलने जाणाऱ्यांना मागे लॉकवाली पेटी कशाला पाहिजे, सायकलची स्कूटर करायची असेल तर सरळ स्कूटर घ्या, नाहीतर पाठीला सॅक लावा आणि गप चालवा." त्यावर लाइकचा पाऊस. वाचून डोकंच सटकलं म्हणून सविस्तर लिहितोय.
भाऊ, तुम्ही रविवारी पहाटे गंगापूर धरणाकडे जाता, खिशात मोबाईल आणि एक केळं, नऊच्या आत घरी. मी नाशिकच्या त्रिमूर्ती चौकातून सातपूर एमआयडीसीत जातो. जेवणाचा डबा, सेफ्टी शूज, रेनकोट, पंप, पंक्चरचं सामान आणि येताना भाजी, हे सगळं पाठीवर घेऊन लिंक रोडचे खड्डे एकदा खाऊन बघा, मग सॅकचं कौतुक सांगा. पोचेपर्यंत शर्ट पाठीला चिकटलेला असतो आणि तसंच लाईनवर उभं राहायचं.
आणि खरी गोष्ट वेगळीच आहे. आमच्याकडे कॉन्ट्रॅक्टवाल्यांना लॉकर नाही, मशीन चालतात त्या शॉपमध्ये बॅग नेऊ देत नाहीत, त्यामुळे सामान सायकलपाशीच राहतं. आधी पंप गेला, मग रेनकोट, मग हेल्मेट. कापडी पॅनिअरची, म्हणजे कॅरिअरच्या बाजूला लटकवायच्या बॅगेची, चेन ओढली की उघडते. म्हणून कडक, पाणी न जाणारी, कुलूप लागणारी पेटी पाहिजे. मोटारसायकलचा टॉप बॉक्स, पत्र्याची पेटी आणि कोयंडा असलेला मोठा प्लास्टिक टूलबॉक्स, तिन्ही पाहिले. माझं मन टूलबॉक्सवर आहे. वापरणाऱ्यांनी सांगा.

गंगापूर_रोड_रायडर
ते मीच लिहिलं होतं आणि आजही तेच म्हणतो. मी पण रोज ऑफिसला सायकलने जातो, केळ्याचं काढायची गरज नव्हती. टॉप बॉक्स प्लेटसकट तीन-चार किलोला जातो, तोही रिकामा, आणि तो बसतो सगळ्यात उंच आणि सगळ्यात मागे. उभं राहून पेडल मारलं की मागचा भाग डुलतो. त्यात गिअरच्या सायकलला लोक सीटपोस्टला, म्हणजे सीटखालच्या दांड्याला, आवळायचं अॅल्युमिनियमचं कॅरिअर लावतात, त्याची मर्यादा साधारण नऊ-दहा किलो. त्यावर पेटी, डबा, बूट, भाजी. माझ्या मित्राचं कॅरिअर उंटवाडीजवळ फिरलं आणि पेटी थेट चाकावर. मागून रिक्षा होती. तो वाचला म्हणून हे लिहायला मी शांत आहे.

अंबडचा_वेल्डर
दोघंही पेटीवर भांडताय, भांडण कॅरिअरचं आहे. फ्रेमला खाली एक्सलजवळ दोन पाय टेकणारं कॅरिअर घ्या, त्यावर २५ किलो छापलेलं असतं. सीटपोस्टवालं पेटीसाठी विसरा. काळ्या जुन्या सायकलचं लोखंडी कॅरिअर असेल तर प्रश्नच नाही, आमच्या वडिलांनी त्यावर गॅसची टाकी आणलीये.
टूलबॉक्स चांगला पण त्याचा कोयंडा प्लास्टिकचा, स्क्रूड्रायव्हर घालून पिळला की तुटतो. दीड एमएमचा पत्री कोयंडा आतून पट्टी देऊन बोल्ट करा, रिवेट नको, रिवेट ड्रिलने दोन मिनिटांत निघतो. कोयंड्याला नवतालचं छोटं कुलूप. तळाला चार भोकं, यू-बोल्ट खालून वर घाला म्हणजे नट पेटीच्या आत येतात. बाहेर नट ठेवला तर कुलूप कितीही भारी लावा, चोर पाना घालून अख्खी पेटी घेऊन जातो. आत मोठे वायसर आणि नायलॉनचे लॉकनट, नाहीतर आपल्या रस्त्यांवर आठवड्यात ढिले. आणि पेटी जमेल तेवढी पुढे सरकवा, वजन एक्सलच्या मागे जाऊ देऊ नका.

नाशिकरोडकर
कोयंडा, नट, वायसर सगळं ठीक. अख्खी सायकलच उचलून नेली तर? माझी स्टेशनबाहेरून गेली, पेटीसकट. पेटीला कुलूप, चाकाला कुलूप. तक्रार द्यायला गेलो तर "सायकलची काय तक्रार घेऊन आलात, नवी घ्या." तासभर बाकड्यावर बसवलं आणि शेवटी साध्या कागदावर अर्ज घेतला. मोटारसायकल गेली असती तर असं बोलले असते का? सायकलवाल्याला या शहरात माणूसच समजत नाहीत.

कायद्याचं_बोला
राग समजतो, पण आधी किंमत बघा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, चोरीचं कलम ३०३. चोरीचा माल पाच हजारांच्या आतला असेल तर तो गुन्हा अदखलपात्र धरला जातो. म्हणजे एनसी होते, पोलीस मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय तपास करत नाहीत. आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला आणि त्याने माल किंवा किंमत परत केली तर शिक्षा समाजसेवेची. पाच हजारांच्या वरची सायकल असेल तर एफआयआर घ्यावाच लागतो. बिल होतं का?

नाशिकरोडकर
जुनी होती, बिल कुठलं! तुमच्याच बोलण्याचा अर्थ बघा. पन्नास हजारांची कार्बन फ्रेम गेली तर तपास, आणि ज्याचं पोट त्या जुन्या सायकलवर चालतं त्याची गेली तर एनसी. पाच हजार ही गरिबाची महिन्याची निम्मी कमाई असते. कायदा शिकवू नका मला.

कायद्याचं_बोला
मी कायदा केला नाही, आहे तो सांगितला. चिडायचं तर योग्य ठिकाणी चिडा. आणि एक करा, सगळ्यांनीच करा. सायकल उलटी करून पेडलच्या दांड्याखालच्या जाड नळीवर कोरलेला फ्रेम नंबर पाहा, फोटो काढून ठेवा. नंबर नसेल तर चोरबाजारात तुमची सायकल समोर दिसली तरी ती तुमची हे सिद्ध कसं करणार?

पंचवटीचा_दूधवाला
नाशिकरोडकरांचं शंभर टक्के बरोबर. नंबर-फिंबर ठेवून कोण शोधतंय. माझ्या भाच्याची गेली ती आजतागायत नाही. निदान पार्किंगवाल्यांनी तरी सायकल घ्यावी ना, पैसे द्यायला तयार असलो तरी म्हणतात जागा दुचाकीला आहे. अहो, सायकलला काय तीन चाकं असतात?

गंगापूर_रोड_रायडर
याच शहरातल्या महाजन बंधूंनी २०१५ साली रेस अॅक्रॉस अमेरिका ही अख्खी अमेरिका पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली, आपण त्याचं कौतुक करतो आणि स्टेशनबाहेर सायकल बांधायला एक लोखंडी कमान उभारत नाही. याची चीड मलाही आहे. पण मग तुमची पेटी काय वाचवते, सांगा की. पेटीच चोराला ओरडून सांगते की आत काहीतरी आहे.

सिडको_ते_सातपूर
पार्किंगमध्ये हात घालणारा आणि टेम्पो घेऊन येणारा, हे दोन वेगळे चोर आहेत. माझं सामान पहिल्याने नेलं. जाता जाता उघडं दिसलं म्हणून उचलणाऱ्याला कुलूप पुरतं. सायकल जाईल या भीतीने रेनकोट पण देऊन टाकायचा का? तुम्ही एसी ऑफिसात सॅक खुर्चीला अडकवता म्हणून तुम्हाला हे दिसत नाही.

कॉलेजरोडच्या_बाई
पोलीस स्टेशन झालं असेल तर पेटीवर या. मी शाळेत सायकलने जाते, मागे पेटी आहे, आणि कोणीच बोललं नाही म्हणून सांगते. उंच पेटी असली की पाय मागून टाकता येत नाही, विशेषतः साडी किंवा पंजाबी ड्रेसमध्ये. लेडीज फ्रेम असेल तरच उंच पेटी घ्या, नाहीतर बुटकी. झाकण डाव्या बाजूला उघडणारं पाहिजे, म्हणजे फुटपाथकडे उभं राहून सामान काढता येतं. काळा रंग नको. एप्रिलमध्ये उन्हात उभी राहिली की आत डब्यातली भाजी आंबते, पॉवरबँक तर मुळीच ठेवू नका. पावसासाठी झाकणाची कड खाली वळलेली पाहिजे. नुसत्या रबर बीडिंगवर विसंबू नका, ते वर्षात आवळतं. आणि मागचा लाल दिवा पेटीने झाकला जातो! संध्याकाळी मुंबई नाक्याला मागून येणाऱ्याला तुम्ही दिसतच नाही. दिवा पेटीवर घ्या, रेडियम टेप लावा.

गंगापूर_रोड_रायडर
दिव्याचं मी लिहिणारच होतो. बाईंसारखी बुटकी पेटी आणि वेल्डर भाऊंचं कॅरिअर असेल तर ठीक आहे, लावा. टॉप बॉक्सला माझा विरोध कायम.

सिडको_ते_सातपूर
टॉप बॉक्स मलाही नकोच होता, वर वाचलं असतं तर दिसलं असतं. केळ्याचं मागे घेतो. सॅकचं तुम्ही मागे घ्या.

गंगापूर_रोड_रायडर
लॉकर नसलेल्यांपुरतं घेतो. बाकीच्यांनी सॅकच वापरावी.

अंबडचा_वेल्डर
साईड स्टँड काढून दोन पायांचा लावायला विसरू नका, भरलेली पेटी साईड स्टँडवर सायकल आडवी करते. आणि तळाला कोपऱ्यात पाणी जायला एक बारीक भोक.