क्यूआरवर दुसराच क्यूआर!

पेडण्याचा मिरचीवाला: म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्या नि कोकम विकतो. पैसे आले की बोलून सांगणारा साउंडबॉक्सचा डबा भाडं परवडेना म्हणून परत केला. परवा सात-आठ गिऱ्हाइकं ‘गेले हां पैसे’ म्हणत मोबाईल दाखवून गेली. संध्याकाळी खात्यात दमडी नाही. क्यूआरचा स्टिकर नखाने खरवडला, तर खाली माझा! आता काय करू?

डिचोलीकर: आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. उशीर झाला की चोर पैसे काढून मोकळा. क्यूआर बँक खात्याशी जोडलेला असतो, त्यामुळे माग निघतो. खरवडलेला स्टिकर टाकू नका, पुरावा आहे.

फोंड्याची वहिनी: पैसे पाठवण्याआधी नाव दिसतं ना? कुणीच वाचलं नाही?

पेडण्याचा मिरचीवाला: वहिनी, त्या गर्दीत कोण वाचतंय! १९३० ला तक्रार केली, नंबर मिळाला. पण डबा फुकट चिकटवून सवय लावायची आणि मग भाडं मागायचं, ही कंपनीची कुठली रीत? एका गिऱ्हाइकाने मात्र आज येऊन मोबाईलमधली पावती दाखवली. वर दोनशेच्या मिरच्याही नेल्या. रोख.

डिचोलीकर: क्यूआर आता काचेखाली ठेवा.