म्हणे स्टेडियम मोपाकडे न्या!

बोरीपारचा: काल इथं एकानं लिहिलं, फातोर्ड्याचं फुटबॉल स्टेडियम मडगावच्या नरड्यात अडकलंय, ते पाडून पार्किंग करा आणि नवं पार उत्तर गोव्यात, पेडण्यातल्या मोपाच्या पठारावर बांधा. गप्प बसणार होतो, जमलं नाही. पठारावर जागा आहे हो, प्रेक्षक कुठून आणणार? फुटबॉल सासष्टीत, म्हणजे मडगावच्या तालुक्यात जगतो. फातोर्ड्याला बसस्थानकावरून चालत जाता येतं. 20 मार्च 2022 ची आयएसएल (इंडियन सुपर लीग) फायनल आठवा, केरळची पोरं पिवळे टीशर्ट घालून मडगावात कशी लोटली होती! वास्कोचं टिळक मैदानही भर शहरात. बाजार उरकून माणूस सहज आत शिरायचा.

फातोर्डेकार: चालत जाता येतं ते तुम्हाला. आम्हाला मॅचच्या दिवशी स्वतःच्या फाटकातून गाडी बाहेर काढता येत नाही. सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं ती मॅचचीच रात्र. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी अडकली, त्यांना खुर्चीत बसवून उचलून न्यावं लागलं.

काणकोणचा: स्टेडियम 1989 चं. तुमचा फ्लॅट कधीचा?

फातोर्डेकार: फ्लॅट नव्हे, आजोबांचं घर. समोर शेत होतं. म्हणजे तेव्हा तेही गावाबाहेरच बांधलं ना? शहर मागाहून आलं. मोपालाही येईल.

बोरीपारचा: येईल, तीस वर्षांनी. तोवर मॅच गुरांनी बघायची?

पेडण्याचा: फुटबॉल सासष्टीत जगतो म्हणे! आम्ही उत्तरेतले काय विटीदांडू खेळतो? आणि रेल्वे स्टेशन पेडण्यालाही आहे, कधी उतरला नसाल. साडेसातची मॅच साडेनऊला सुटते. त्यानंतर पेडण्याची बस दाखवा, तिकीट मी काढतो. गेल्या मोसमात पणजीपर्यंत कुणाच्या तरी मागे बसून आलो. पुढं टॅक्सीवाल्यानं आकडा सांगितला आणि रात्र बाकावर काढली.

स्टिअरिंगवाला: आकडा दिसतो, परतीची रिकामी गाडी दिसत नाही. डिझेल तुमचा बाप घालणार?

पेडण्याचा: बाप काढू नका. मीटर का टाकत नाही ते सांगा.

स्टिअरिंगवाला: मीटरवर या, रात्री अकराला, पेडण्याहून एकटे परत. मग बोला.

काणकोणचा: दक्षिण टोकाला काणकोणलाही हेच. करमल घाटातून रात्री कोण येतो!

बोरीपारचा: अरे, विषय स्टेडियमचा!

पेडण्याचा: विषय हाच आहे. तुमच्या बुडाखाली स्कूटर आहे म्हणून तुम्हाला शहर आणि पठार सुचतं.

बोरीपारचा: बरं बाबा, रात्रीच्या बसचं मान्य. जिंकलात, फटाके लावा. पण बस नाही म्हणून अख्खं स्टेडियम उचलायचं?

फातोर्डेकार: उचलू नका. उत्तरेत म्हापशात धुळेरचं मैदान आहे, चार मॅच तिकडे द्या. आम्हाला चार रात्री झोप.

बोरीपारचा: आयएसएलची गर्दी धुळेरला मावते का? आणि बोरीहून रात्री म्हापशाला कोण जाणार?

पेडण्याचा: बघा! आता का?

बोरीपारचा: पाचला ठेवा, येतो.

पेडण्याचा: ते टीव्हीवाल्यांना सांगा.