क्रूझवरून पेनांगला ८ तास मिळणार, आम्ही दोघांनी काय बघावं?

गूळवाला_शाहूपुरी

नमस्कार मंडळी. डिसेंबरात आमच्या लग्नाला २५ वर्षं होतायत आणि पोरांनी आम्हा दोघांना सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझची तिकिटं काढून दिलीत. ४ रात्री, मधे मलेशियातलं पेनांग आणि थायलंडमधलं फुकेत. आजवर आम्ही बोटीत बसलोय ते मालवणातनं सिंधुदुर्ग किल्ल्याला जायला, तेवढंच. पेनांगला बोट सकाळी ८ ला लागणार आणि ४ पर्यंत परत चढायचंय.

एजंट म्हणतोय बोटीवरचीच टूर घ्या, बसनं डोंगर, मोठं बौद्ध देऊळ, चॉकलेटचं दुकान, सगळं ५ तासात. पण माझं मन होईना. गुळाचा हंगाम, आईची दुखणी, पोरांची शिक्षणं यात २५ वर्षं गेली, आम्ही दोघंच असं कधी कुठं फिरलोच नाही ओ. पन्नास माणसांच्या मागं झेंडा बघत चालायचं नाही एवढं नक्की. अडचण दोन, हिचा डावा गुडघा दुखतो, सलग दोन किलोमीटर चालणं जड जातं, आणि ही पूर्ण शाकाहारी. आपले आपण फिरता येईल का? कुणी गेलं असेल तर सविस्तर सांगा.

गडहिंग्लजकर

दादा, बिनधास्त आपले आपण फिरा. आम्ही दोघं गेल्या वर्षी गेलोय. पेनांग हे बेट, त्यावरचं जुनं शहर म्हणजे जॉर्ज टाऊन, आणि बोट लागते ती गावाच्या अगदी दारात. बाहेर पडलं की पाच मिनिटात पांढरं घड्याळाचं टॉवर दिसतं. राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला ६० वर्षं झाली म्हणून ६० फूट उंच बांधलंय, वर्षाला एक फूट, आणि जरा कललेलं आहे, नीट बघितलं की कळतं. त्याच्या शेजारीच कॉर्नवॉलिसचा किल्ला, १७८६ साली फ्रान्सिस लाईट नावाचा इंग्रज उतरला तिथला. किल्ला म्हणजे पन्हाळा डोळ्यासमोर आणू नका हां, तटबंदी दीड-दोन पुरुष उंच, अर्ध्या तासात होतो.

मी तर म्हणेन किल्लापण बाहेरनंच बघा आणि वेळ गल्ल्यांना द्या, खरं गाव तिथंच आहे. एकाच रस्त्याच्या आसपास इंग्रजांचं चर्च, चिनी लोकांचं दयेच्या देवीचं देऊळ, तमिळ लोकांचं मारीअम्मनचं देऊळ आणि कापितान केलिंग मशीद, चारही दोनशे वर्षांच्या आसपासची. आमच्या मिसेस चिनी देवळातल्या उदबत्त्यांच्या धुरात जी उभी राहिली ती हलेचना.

वस्त्रनगरी_ते_पेनांग

मी मूळचा इचलकरंजीचा, ६ वर्षं झाली इथं बायान लेपासला इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत आहे. काका, गुडघ्यासाठी एक सांगतो जे टूरवाले सांगत नाहीत. इथल्या जुन्या दुकानांच्या पुढं सलग पडवी असते, आपल्याकडच्या सोप्यासारखी, ऊन-पाऊस लागत नाही पण प्रत्येक दुकानाची उंची वेगळी, चार पावलं गेलं की एक पायरी, मधे लावलेल्या मोटरसायकली, मग खाली रस्त्यावर उतरा परत चढा. काकूंना त्याचाच त्रास होईल, किलोमीटरचा नाही. म्हणून सकाळी एक तास सायकल रिक्षा करा. इथं प्रवासी पुढं बसतात आणि चालवणारा मागं, त्यामुळं समोर कुणाची पाठ नसते. पैसे आधी ठरवा. बाकी टॅक्सीसाठी ग्रॅब ॲप चालतं.

खाण्याचं बघा, इथल्या चार क्वे टिओ नूडल्सची ख्याती मोठी पण त्यात कोळंबी, शिंपल्या आणि बऱ्याच ठिकाणी डुकराची चरबी असते, आसाम लाक्सा म्हणजे माशाचं आंबट सार. काकूंसाठी लिटल इंडियात केळीच्या पानावर भात, सांबार, भाज्या मिळतात, पोटभर. तुम्ही नासी कांदार खा. नासी म्हणजे भात आणि कांदार म्हणजे खांद्यावरची कावड, पूर्वी तमिळ मुसलमान कावडीत भात-रस्सा घेऊन बंदरावर विकायचे.

आणि काका तुम्ही गुळातले म्हणून सांगतो, इथं साखरेला गुला म्हणतात, आपल्या संस्कृत गुडावरनंच आलाय शब्द. नवराबायकोला काय म्हणतात माहितीये? सुआमी इस्तेरी!

पन्हाळ्याचा_वारा

मी वेगळं सांगतो. पेनांग हिल सोडू नका. ८०० मीटरच्या वर उंची, खालनं वर रेल्वे जाते, ती १९२३ पासून आहे. वरनं सगळं बेट, समुद्र, पलीकडच्या मुख्य भूमीला जोडणारा पूल, आणि हवा गार. इतक्या लांब जाऊन गल्ल्याच काय बघायच्या, गल्ल्या आपल्या मंगळवार पेठेतपण आहेत.

वस्त्रनगरी_ते_पेनांग

दादा हिल सुंदरच आहे, मी स्वतः महिन्यातनं एकदा जातो. पण डिसेंबर म्हणजे इथल्या शाळांनापण सुट्टी असते, रेल्वेची रांग कधी दोन तास होते, आणि ढग आले की वर काही दिसत नाही. ८ तासाच्या माणसानं हा जुगार खेळू नये. या गल्ल्यांना २००८ साली युनेस्कोनं जागतिक वारसा म्हटलंय, ते उगाच नाही.

करवीरची_लेक

ताईदादा, तीन गोष्टी लिहून ठेवा. एक, सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एन्ट्रीच आहे ना ते एजंटला विचारा, कारण बोटीनं बाहेर जाऊन परत येणं म्हणजे दुसरी एन्ट्री. दोन, बोट सुटायच्या आधीच फोन फ्लाईट मोडवर टाका. आमच्या ह्यांचा फोन समुद्रात बोटीच्या नेटवर्कला जोडला गेला आणि जे बिल आलं त्यात दुसरी छोटी ट्रिप झाली असती. तीन, घड्याळ. पेनांगला सिंगापूरचीच वेळ असते पण फुकेत एक तास मागं, फोन आपोआप बदलतो आणि बोट कदाचित जुन्याच वेळेवर असते. दादांनी हातात साधं घड्याळ घालावं आणि बोटीवरची वेळ लावावी. आपले आपण फिरताना उशीर झाला तर बोट थांबत नाही, तासभर आधीच बंदरावर या.

गूळवाला_शाहूपुरी (जानेवारी)

मंडळी, जाऊन आलो, तुम्हा सगळ्यांना सांगितल्याशिवाय राहवत नाही.

टूर घेतली नाही. सायकल रिक्षावाले साठीच्या पुढचे चिनी गृहस्थ होते, त्यांना इंग्रजी थोडं, आम्हाला थोडं, पण तासभर छान फिरवलं. मारीअम्मनच्या देवळात सकाळी सकाळी गेलो, दुपारी बंद असतं म्हणून. हिनं अंबाबाईची ओटी भरावी तसं तिथं नारळ-फुलं दिली आणि बाहेर येऊन म्हणाली, इथं परकं वाटत नाही ओ. भिंतीवरच्या सायकलवरच्या दोन लहान पोरांच्या चित्रापुढं फोटोला रांग होती, आम्हीपण उभारलो, फोटोत ही हसतीये. हिचा असा फोटो घरात एकपण नव्हता.

पण मनात राहिलं ते च्यू जेट्टी. समुद्रात लाकडी खांब रोवून त्यावर घरं, मधनं फळ्यांचा रस्ता, आणि सगळी घरं एकाच आडनावाची, च्यू. शेजारची जेट्टी दुसऱ्या आडनावाची. चीनहून आलेले हमाल, नावाडी, ज्यांनी बंदरावर ओझी उचलली त्यांची ही भावकीची वस्ती, आणि माणसं अजून राहतात तिथं. कपडे वाळत घातलेले, दारात देवाचा लाल देव्हारा, एक आजी भाजी निवडत बसलेली. घरात डोकावू नये, फोटो काढू नये म्हणून पाट्या आहेत, त्या पाळा. फळ्यांच्या फटीतनं खाली पाणी दिसतं, ही माझा हात धरून चालली, गुडघ्याचं नाव नाही. टोकाला बसलो अर्धा तास. मार्केट यार्डात मी रोज हमालांच्या पाठीवर गुळाचे रवे बघतो, त्यामुळं असेल, मला तिथनं उठवेना.

वस्त्रनगरी, तुझा गुलापण शोधला बाबा. ताडगुळासारखा काळसर, बांबूच्या नळीत ओतून घट्ट केलेला, नळकांड्यासारखा. चेंडोल म्हणून बर्फ, नारळाचं दूध आणि हिरव्या शेवयांवर तो पातळ करून घालतात. आपल्या गुळापेक्षा कमी गोड आणि जरा धुरकट लागतो, तोंडात रेंगाळतो. हिनं जायफळाचं सरबत घेतलं, आपण पुरणात चिमूटभर घालतो त्या जायफळाच्या वरच्या गराचं! दोन पाकिटं सुकवलेला गर आणलाय.

साडेतीनला बोटीवर. फुकेतला उतरलोच नाही, डेकवर दोघं बसून राहिलो.

एकच विचारायचंय, तो गूळ बनवतात ती भट्टी बघायला मिळते का कुठं?

वस्त्रनगरी_ते_पेनांग

काका, त्याचं पूर्ण नावच गुला मेलाका, तिकडं मेलाका शहराला जायला लागेल. नारळाच्या फुलोऱ्याचा रस काढून कढईत आटवतात, अगदी गुऱ्हाळासारखं. या दोघं, मी सुट्टी काढतो.