पाठीवरचे मुरूम: साबण बदलून फरक नाही, आता काय लावायचं?

गोरेगावकर:
मुलगा 19 वर्षांचा. चेहऱ्यावर फारसं काही नाही, पण खांद्यांपासून पाठीच्या मध्यापर्यंत मुरूम. कॉलेजला लोकलने जातो, पाठीवर सॅक, संध्याकाळी जिम. कडुलिंबाचा साबण वापरून झाला. दुकानातून आणलेल्या एका ट्यूबने आधी बरं वाटलं, बंद केल्यावर दुप्पट आले. नक्की काय लावायचं आणि किती दिवस?

केमिस्ट_दादर:
आधी त्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन किंवा मोमेटासोन लिहिलं असेल तर ती परत लावू नका. ही स्टेरॉइडं आहेत. लाली चार दिवसांत उतरते म्हणून गुण आल्यासारखं वाटतं, आणि सोडली की पुरळ उसळून येतं. खाज-खरजेच्या नावाखाली या ट्यूब सर्रास खपतात.

मुरुमांसाठी बेंझॉईल पेरॉक्साइड घ्या, 5 टक्क्यांचा वॉश किंवा जेल. अंघोळीत केस आधी, पाठ शेवटी, म्हणजे केसांतलं तेल आणि कंडिशनर पाठीवर उरत नाही. ओल्या पाठीवर पातळ थर लावून 3 ते 5 मिनिटं थांबायचं आणि मग भरपूर पाण्याने धुवायचं. लावलं की लगेच धुतलं तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. बहुतेकांचं गणित इथेच बिघडतं. पहिला आठवडा दिवसाआड, कोरडेपणा सोसला तर रोज. हात पोचत नसेल तर लांब दांड्याच्या सिलिकॉनच्या चमच्यावर घेऊन लावा. काथ्याची घासणी बंद, घासल्याने मुरूम फुटून डाग वाढतात. आणि हे औषध कपड्यांचा रंग उडवतं, तेव्हा टॉवेल, बनियन, चादर पांढरीच ठेवा.

त्वचा_ओपीडी:
वरच्या उत्तरात एक भर. हे मुरूमच आहेत ना, ते आधी बघा. सगळ्या पुटकुळ्या मोहरीएवढ्या, एकसारख्या, खाजऱ्या, आणि ब्लॅकहेड एकही नाही, असं असेल तर ते बहुधा मॅलेसेझिया नावाच्या यीस्टमुळे, म्हणजे एका बुरशीमुळे, आलेलं असतं. मुंबईच्या दमट हवेत हे फार दिसतं. मुरूम समजून अँटिबायोटिक दिलं की ते आणखी वाढतं. त्यावर 2 टक्के किटोकोनाझोल शाम्पू पाठीला लावून 5 मिनिटांनी धुवायचा, आठवड्यातून तीनदा, 3-4 आठवडे. तरी हटलं नाही तर पोटातून गोळ्या लागतात, त्या डॉक्टरच ठरवतील.

गोरेगावकर:
खाज नाही. ब्लॅकहेड आहेत, लहानमोठे मुरूम एकत्र. खांद्याजवळ दोन गाठी आहेत, दाबलं की दुखतात. जिममध्ये व्हे प्रोटीनही सुरू आहे.

त्वचा_ओपीडी:
मग मुरूमच. वॉशबरोबर रात्री अ‍ॅडापालिन 0.1 टक्के जेल, दिवसाआड, कोरड्या पाठीवर. फक्त मुरमांवर ठिपके नकोत, मुरूम येणाऱ्या सगळ्या भागावर पातळ लावा, कारण ते नवीन छिद्रं बुजू नयेत म्हणून आहे. सुरुवातीला थोडं सोलवटतं. 8 ते 12 आठवडे दिल्याशिवाय निकाल लावू नका. तीन आठवड्यांत कंटाळून सोडणारेच जास्त.

व्हे 6-8 आठवडे बंद करून बघा, काहींच्या बाबतीत पाठीवरचे मुरूम त्याने वाढतात. प्रोटीन डाळी-उसळींतून, अंड्यांतून मिळेल. जिममध्ये कुणी ‘बॉडी बनवायची’ इंजेक्शनं देत असेल तर तेही स्पष्ट विचारा.

गाठी मात्र घरी फोडू नका, दाबूही नका. त्या खोल असतात आणि खड्डे किंवा उंचवट्याचे व्रण ठेवून जातात. त्यांच्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ हवा. मुंबईत केईएम, सायन, नायर या तिन्ही रुग्णालयांत त्वचेची ओपीडी आहे; सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढा आणि लावलेल्या सगळ्या ट्यूब सोबत न्या. आयसोट्रेटिनॉइनचा, म्हणजे हट्टी मुरुमांवरच्या पोटातून घ्यायच्या गोळीचा, विषय निघाला तर ती त्यांच्या देखरेखीखालीच. आधी यकृत आणि चरबीच्या रक्ततपासण्या होतात. मुलींसाठी ही गोळी गरोदरपणात अत्यंत घातक, हे वाचणाऱ्या इतरांसाठी.

केमिस्ट_दादर:
सॅकचं राहिलंच. पट्ट्याखाली घाम आणि घर्षण एकत्र आलं की तिथेच मुरूम येतात. गर्दीच्या डब्यात सॅक पुढे धरावीच लागते, बाहेरही जमेल तेव्हा हातात घ्यावी. जिममधून निघताना घामाचा टी-शर्ट बदलायचा, घरी येईपर्यंत थांबायचं नाही. पावसाळ्यात बनियन दोरीवर दोन दिवस दमट राहतात, त्यांवर इस्त्री फिरवून मगच घालायला द्या.