आंबा आणि पेरू एकाच शीतखोलीत ठेवण्याबाबत मदत हवी आहे

नमस्कार. काढणीनंतरची नासाडी कमी व्हावी म्हणून आम्ही बागेजवळ एक लहान शीतखोली बांधली. परंतु पहिल्याच हंगामात तिथे ठेवलेल्या आंब्याची जी गत झाली, तिच्यामुळे जाणकारांना विचारल्याशिवाय पुढचा माल आत ठेवण्याचे धाडस होत नाही.

तोडलेले फळही श्वास घेत असते आणि तापमान 10 अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो, एवढ्यावरून मी जितकी थंडी अधिक तितके फळ टिकाऊ, असा निष्कर्ष काढला आणि हिरवे पक्व (पूर्ण वाढलेले, पण अजून न पिकलेले) आंबे 8 अंश सेल्सिअसला ठेवले. दोन आठवडे ते निर्दोष दिसत होते. बाहेर काढल्यावर मात्र दोन-तीन दिवसांतच सालीवर करडे चट्टे उमटले, बारीक खड्डे पडले, रंग अर्धवट चढला आणि गराला ना गोडी राहिली ना वास. ही अतिथंडीमुळे झालेली इजा होती, हे आता कळले आहे. मेहनतीने वाढवलेले फळ आपल्याच अज्ञानाने असे वाया जावे, याचे फार वाईट वाटते.

तोडणीत आमच्याकडून हयगय होत नाही. झेल्याने (लांब काठीला जाळी लावलेल्या साधनाने) देठ राखून फळ उतरवतो, सावलीत उलटे ठेवून चीक निथळू देतो, आणि मुक्का मार लागू नये म्हणून क्रेट काठोकाठ भरत नाही. त्यामुळे अडचण साठवणीतच आहे.

हिरव्या पक्व आंब्याला सुमारे 13 अंश मानवतात, तर पेरूला 8 ते 10. खोली एकच असल्याने दोन्ही 13 अंशांना ठेवली, तर पेरू लवकर पिकून त्यातून निघणारा इथिलीन वायू आंब्यालाही पिकण्याची घाई करील, अशी भीती वाटते. अशा वेळी ठरावीक वेळाने हवा बदलणे पुरेसे होते का, की हा वायू नाहीसा करणाऱ्या पोटॅशियम परमँगनेटच्या पुड्या ठेवाव्या लागतात? की खोलीत उष्णतारोधक भिंत घालून दोन कप्पे करणेच योग्य ठरेल? कोणी प्रत्यक्ष असे केले असल्यास अनुभव अवश्य लिहावा.

दुसरी शंका ओलाव्याची. आर्द्रता 85 ते 90 टक्के हवी, पण शीतयंत्र हवा कोरडी करते आणि पेरू सुरकुततो. ओली गोणपाटे टांगली, तर ओलावा वाढतो. मात्र दुपारी तोडलेली गरम फळे आत आली की आधीच थंड असलेल्या फळांवर दव धरते आणि तिथूनच बुरशी सुरू होते. तोडणी पहाटे उरकून, फळे पंख्याच्या झोतात निववून मगच आत घेण्याचा विचार आहे. करपा या बुरशीजन्य रोगाला आळा घालण्यासाठी आंबे 52 अंशांच्या पाण्यात 5 ते 10 मिनिटे बुडवायचे असतील, तर त्यानंतर ते लगेच साध्या पाण्यात थंड करावेत की आधी कोरडे होऊ द्यावेत, हेही कृपया सांगावे.